गुरुवारचा भोंगा

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय. भांडायचं म्हणजे काय, नेहमीसारखं मीच बोलायचं आणि तुम्ही सुपारी कातरत ऐकायचं. सांगवीच्या या घरात दुसरं ऐकायला आहे तरी कोण? आई तुमच्या मागोमाग गेली. जावई तुमचे बदलीवर चेन्नईला, रोज फोनवर जेवलीस का विचारतात आणि ठेवून देतात. तुमची नात सतरा वर्षांची झाली, तिला तुम्ही पाहिलंच नाहीत. ती परदेशातल्या एका मोठ्या कॉलेजचा फॉर्म भरतेय. तिथे मार्क सगळ्यांनाच भरपूर असतात म्हणे, त्यामुळे गणिताचं आणि विज्ञानाचं वेड आपल्याला खरंच किती आहे, ते निबंधात दाखवायचं. मारुंजीच्या तिच्या मैत्रिणीने रोबो बनवलाय, क्लासवाल्यांनी अर्धाअधिक बनवून दिलेला. आपल्या बाईसाहेबांनी तुमच्यावर लिहिलंय. तुमच्यावर आणि माझ्यावर, आणि तिथेच घोडं अडलंय.

चिंचवडच्या आपल्या खोलीत सकाळचे सात वाजत आलेत. मी बारावीत. तुम्ही पहिल्या पाळीला गेलेले, आई स्टोव्हला पंप मारतेय, आणि मी शाळेच्या खेळाच्या सरांकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच घेऊन रेडिओला कान लावून बसलेय. रेडिओवर सातचा ठोका पडला की दाबायचं, तुमच्या कंपनीचा भोंगा ऐकू आला की पुन्हा दाबायचं. कंपनी आपल्यापासून किलोमीटरभर, म्हणून आवाजाला यायला लागणारे तीन सेकंद वजा. आई म्हणायची, भोंग्याचं लग्न ठरवतेयस का गं? पण महिन्याभरात मला दिसलं की भोंगा रोज दोन-दोन सेकंद मागे पडतो आणि शुक्रवारी पुन्हा वेळेवर येतो. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी आलात आणि बूटही न काढता म्हणालात, तुझं बरोबर हाय, गुरुवारच्या सुट्टीनंतर इलेक्ट्रिशियन घड्याळ लावतो. आपण इथे स्वयंपाकघरात बसून एका माणसाचं काम ओळखलं, याचा मला एवढा आनंद झाला की मी जेवलेच नाही. त्या आठवड्यात तुम्ही मला आलेखाची वही आणलीत. कंपनीतली नव्हे, दुकानातून विकत आणली हे दोनदा सांगितलंत.

मग त्या विज्ञान संस्थेचा फॉर्म आला. देशभरातून थोडीच मुलं घेणार होते, आणि त्यातही एक प्रश्न होता: अभ्यासक्रमाबाहेर स्वतःहून काय केलंत? वही सोबत जोडायची होती. मधे मामाच्या गावी लग्नाला गेलो होतो, ते अकरा दिवस कोरे. कोरं दिसलं तर हिचं वेड अर्धवटच म्हणतील, या भीतीने मी एका बैठकीत अकराही आकडे भरून टाकले. किती असणार ते मला ठाऊकच होतं की. तुम्ही वही घेतलीत आणि प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत निघालात, कंपनीत इन्स्पेक्शनला बसल्यासारखे. एका जागी बोट थांबलं.

"गुरुवारी भोंगा वाजतो व्हय गं?"

माझे कान तापले. सुट्टीच्या दिवशीही मी भोंगा वाजवून ठेवला होता, ती सुट्टी शोधून काढणारी मीच. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं, मला रागावता तरी आलं असतं. "आकडे बरोबर असतील," म्हणालात, "पण ते तू ऐकलं न्हाईस. रिकामं ठेव. रिकाम्या जागेची लाज कसली?" मी मान डोलावली.

आणि अण्णा, मी फक्त गुरुवार खोडून कोरा केला. बाकीचे दहा तसेच ठेवले.

मुलाखतीला तिघे जण होते. त्यातल्या एकाने वही चाळून विचारलं, सगळे गुरुवार कोरे का? मी म्हटलं, कारखान्यांना सुट्टी असते, भोंगा वाजत नाही. ते एकमेकांकडे बघून हसले, आणि या मुलीने न घेतलेली नोंद लिहिली नाही, हे महत्त्वाचं, असं म्हणाले. मला तिथेच कळलं की मी आत गेले. तुम्ही स्टेशनवर घ्यायला आला होतात. ते दिवस कोरेच ठेवलेस ना, विचारलंत. हो म्हटलं. तुम्ही खात्यात पेढे वाटलेत, आणि जाईपर्यंत सात वर्षं लोकांना सांगत राहिलात, पोरीनं खोटा आकडा लिहिला न्हाई.

आज मी चाकणच्या एका कंपनीत दुसऱ्यांची रीडिंगं तपासते. न मोजता भरलेलं मला लांबून कळतं, आणि मी पोरांना झापते, तुमचंच वाक्य वापरून. नातीलाही ही गोष्ट मी लहानपणापासून तुम्ही सांगायचात त्याच शेवटासकट सांगत आलेय. तिच्या निबंधात तेच आहे: आजोबांनी विचारलं, आणि आईने अकराच्या अकरा आकडे खोडले. फार चांगलं लिहिलंय हो तिने, मला रडू आलं, आणि तिला वाटलं अभिमानाने. काल म्हणाली, "आई, मला नेमकं लिहायचंय. खोडलेस ते कशाने?"

"लाल पेनाने," मी म्हटलं. क्षणभरही थांबले नाही. कोरी जागा दिसली, भरून टाकली.

तिने ते लिहिलं. उद्या ती फॉर्म पाठवणार. तिला खरं सांगितलं तर तिचा निबंध जाईल, आणि ती लांब जाण्याआधी मीही तिच्या मनातून उतरेन. नाही सांगितलं तर माझं खोटं तिच्या नावावर चढेल, तिचा काडीचाही दोष नसताना. हे पत्र कुठे टाकणार मी, अण्णा? तुम्ही होतात तेव्हा बोलायला जीभ उचलली नाही.

वही कपाटातून काढून तिच्या टेबलावर ठेवलीय, त्या अकरा दिवसांच्या पानावर उघडून. ती घरी यायला अजून तासभर आहे. वही परत उचलायला मी दोनदा उठले. नाही अण्णा, तीनदा.