प्रोग्राम फुकट, मी नाही

आप्पा, मागच्या आठवड्यात मी एका माणसाच्या कानाखाली जाळ काढला. भर कारखान्यात, कामगारांसमोर. त्याचा ओठ फुटला, शर्टावर रक्त सांडलं, आणि मॅनेजरनं माझं देखभालीचं काम तिथल्या तिथं बंद केलं. त्या एका कामावर माझं ऑफिस चालतं.

तुम्हाला कसं सांगू? यार्नची, सुताची मशीनं बिघडायच्या आधी इशारा देणारा प्रोग्राम मी लिहिला आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कुणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा. फक्त करणाऱ्याचं नाव पुसू नये. मी पैसे घेते ते बसवून देण्याचे, सांभाळण्याचे. त्या हरामखोरानं माझं नाव खरवडून स्वतःचं लावलं, मी सांभाळते त्याच कारखान्यात विकायला आणलं, आणि वर हसून म्हणतो, "मैडम, आप फोकट में बाँट रही थीं, हमने उठा लिया." फोकट! माझं डोकंच फिरलं.

आणि डोळ्यांपुढे आला तुमचा हात. तुम्ही फिटर, पण मशीनचं झाकण कधी एकट्यानं उघडलं नाहीत. ऑपरेटरांना भोवती उभं करायचात, "बघून घ्या रे, उद्या मी नसलो तर?" बारीकसारीक बिघाड तेच काढायला लागले, तसं बाहेरच्या दुरुस्तीवाल्या ठेकेदाराचं पोट दुखलं. त्याच्या माणसांनी तुम्हाला डोकमर्डीच्या वस्तीत गाठलं आणि उजवा हात लोखंडी पान्यानं ठेचला. तुम्ही दारात उभे, हात लोंबतोय, आई किंचाळतेय, "वाटा, अजून विद्या वाटा!" आणि तुम्ही म्हणताय, "आधी पाणी दे." मग प्लास्टर घालून कामावर गेलात आणि डाव्या हातानं दाखवत राहिलात. आईनं कितीतरी दिवस तुमच्याशी बोलणं टाकलं होतं.

ऑफिसातल्या दोघी पोरी म्हणतात, "ताई, लावा आता प्रोग्रामला कुलूप." लावणारच होते. पण आज सकाळी मॅनेजरचा फोन आला. इशारे येईनात, मशीनं बसली, आणि माझ्या जागी घेतलेल्या त्या माणसाला काही उमगेना. चोरलं, पण आत काय आहे ते वाचलंच नव्हतं मेल्यानं. मी म्हटलं, "येते. माझं नाव परत लागेल, मजुरी आधी ठरेल. प्रोग्राम फुकट आहे, मी नाही. आणि सगळं उघडून सगळ्यांना दाखवीन, त्यालासुद्धा."

तुम्ही आज असता तर खूश झाला असता, लेक बापाच्या वळणावर गेली म्हणून. पण त्याला मारलं ते तुमचा ठेकेदार समजून मारलं, आणि फार बरं वाटलं. हे तुमच्यापर्यंत पोचत नाही तेच ठीक. तुम्ही विचारलं असतं, पुन्हा हात उचलशील का? आणि तुमच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.