गाभ्याच्या दारात कारभारीमामा

तीर्थस्वरूप कारभारीमामा यांस, गंगापूर रोडवरून निकिताचा साष्टांग नमस्कार (खुर्चीतून उठून घातला आहे, आई साक्षीला आहे). गुडघा कसा आहे? मामी म्हणतात, गुडघा दुखतो म्हणून तुम्ही दवाखान्याचा जिना चढत नाही, पण कांद्याच्या ट्रॉलीवर मात्र चढता. अशा माणसाला काय सांगावं?

पत्राला कारण तुमचीच थोरवी. माझ्या नोकरीबद्दल आई लोकांना 'कॉम्प्युटर दुरुस्त करते' एवढंच सांगते. खरं असं, की नेटवरून येणारं सगळं छोट्या छोट्या पाकिटांतून येतं, आणि संगणकाच्या गाभ्यात (आम्ही त्याला कर्नल म्हणतो) शिरताना त्याला एका जागी अडवून तपासता येतं. त्या जागेला हूक म्हणतात. तिथली तपासणी लिहिणं माझं काम. शुक्रवारपर्यंत ती जमली नाही तर काम पुण्याच्या एका माणसाकडे जाणार होतं, आणि मी घरी.

मी जिद्दीनं प्रत्येक पाकीट उघडून तळापर्यंत वाचणारी तपासणी लिहिली. एकही चोर आत येईना. बाकीही कुणी येईना. सगळं ऑफिस ठप्प. आमच्या साहेबांनी, शेखर सरांनी, मला झापणारी मेल पाठवली, तीही माझ्याच हूकमध्ये चाळीस मिनिटं अडकली (शेवटी निर्दोष ठरून पोचली). मग घाबरून तपासणी इतकी सैल केली की सगळं सुसाट पळायला लागलं. पण चाचणीसाठी चोर झालेला आमचा चंदर नऊ सेकंदांत आत, आणि माझ्या स्क्रीनवर स्वतःच्या लग्नातला फोटो लावून मोकळा.

तेव्हा तुम्ही आठवलात. सटाण्याच्या कांद्याच्या लिलावात दोनशे ट्रॉल्या उभ्या असतात. तुम्ही कोपरापर्यंत हात घालून चार कांदे काढता, "भाऊ, तळाशी काय शे?" विचारून शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघता, भाव बोलता आणि पुढे. रांग थांबत नाही. बारकाईनं बघणं नंतर, विकत घेतलेला माल तुमच्या खळ्यावर उतरताना. तिथं सडका निघाला की हरकत घेऊन वांधा घालता, आणि उतरणं बंद. लहानपणी मला ही नुसती घाई वाटायची. मामा, केवढी अक्कल आहे त्यात. मी तेच केलं. गाभ्याच्या दारात फक्त नजर: कुठून आलं, कुणाच्या नावानं आलं. सविस्तर वाचन गाभ्याबाहेर, निवांत. तिथं खोट सापडली की दाराला निरोप, आणि त्याच ठिकाणाहून मागून येणारी सगळी पाकिटं बंद. एखादं खोटं पाकीट आत जातं, पण चोराचा हात तिजोरीपर्यंत पोचत नाही. वेग जवळपास पहिल्यासारखा, आणि चंदर दोन दिवस बाहेरच.

मला तुमचा फार अभिमान वाटतो. समोर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तुमची भाची,
निकिता

ता.क.: ही रीत कुणाची, असं शेखर सरांनी विचारलं. मी कागदावर 'ज्येष्ठ सल्लागार श्री. कारभारी' लिहून बसले. सोमवारी अकरा वाजता आमचं गिऱ्हाईक तुम्हाला फोन करणार आहे, आणि त्यांचं समाधान झालं तरच माझी नोकरी पक्की. लिलावात करता तेच सांगा. फक्त कांद्याचं नाव काढू नका.

ता.क. २: तुम्ही स्वतः हात घालून, निवडून पाठवलेली गोणी आईनं काल उपसली. वरचे कांदे देखणे, खालची अर्धी गोणी सडकी. आई म्हणाली, मामाला कळवू नकोस. वांधा घालत नाही, पण गाभ्याबाहेरची ती सविस्तर तपासणी मी आजच दुप्पट केली आहे. सोमवारी गोणीचंही नाव काढू नका.