त्या देशाचं नाव इथे लिहिणार नाही

१२ सप्टेंबर २००५, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी विचारलंच की अभय रणपिसे या माणसाची जडणघडण कशी झाली, तर लेखी पुरावा असावा.

काल चर्चमध्ये तरुण संघाच्या मीटिंगला नीरजाताईने जाहीर केलं. जानेवारीत आपली छोटी टीम एका देशात जाणार. तिथे उपासनेवर बंदी. धर्माबद्दल बोललात तर सरळ तुरुंग. वरवर आपण कॉम्प्युटर शिकवायला जायचं, आणि तिथे लपूनछपून प्रार्थना करणाऱ्यांना भेटून धीर द्यायचा. कोण तयार आहे? पहिला हात माझा. दुसरा सूरजचा. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

नियम एकच, गुप्तता. म्हणून त्या देशाचं नाव इथे लिहिणार नाही. नखं उपटली तरी लिहिणार नाही.

१३ सप्टेंबर

मम्मीला सांगितलं. (घरातली माणसं गुप्ततेत मोजत नाहीत.) ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुला मंडईत मेथी आणायला पाठवलं तर तू शेपू आणलास, तू येशूची सुवार्ता नेणार म्हणजे नक्की काय पोचवणार?

संदेष्ट्याला त्याच्या घरात मान नसतो. हे आधीच माहीत असल्यामुळे मी शांत राहिलो.

१८ सप्टेंबर, रविवार

ट्रेनिंग प्लॅन. पहाटे उठणे. पळणे. थंड पाण्याने अंघोळ, कारण तुरुंगात गीझर नसतो. शुक्रवारी उपास. तिथली भाषा शिकणे. चौकशीत तोंड न उघडणे.

तुरुंगाचं मला काय कौतुक! येरवड्यात जन्मलो. जेलची भिंत बघत शाळेत गेलो. उद्यापासून सुरू.

१९ सप्टेंबर

पहाटे उठलो नाही. अंघोळ कोमट. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देणं शास्त्रीय नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

आज जे घडलं ते दार लावून लिहितोय. आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक परदेशी विद्यार्थी राहायला आलाय. कोणत्या देशाचा? त्याच! नाव लिहिणार नाही. त्याला इथून पुढे 'तिसरा मजला' म्हणेन.

चर्चला निघालो तर जिन्यात भेटला. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, रविवारी सकाळी एवढे इस्त्रीचे कपडे घालून कुठे? मी क्षणात उत्तर दिलं, मित्राच्या साखरपुड्याला. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

नीरजाताईला रिपोर्ट दिला. ती म्हणाली, अरे, पुण्यात तुला कोण पकडणार आहे? साधा पोरगा आहे, एकटा आहे. मैत्री कर, भाषा शिक. ताई शाळेत भूगोल शिकवते. प्रत्यक्ष फील्डमधलं तिला काय कळणार?

९ ऑक्टोबर, रविवार

जिन्यात पुन्हा तिसरा मजला. पुन्हा साखरपुडा सांगितला. तो म्हणाला, तुमच्या देशात माणसं लग्न कधी करतात?

खबरदारी म्हणून दारावरची 'प्रभू या घराचा धनी' ही पाटी काढून पलंगाखाली ठेवली. संध्याकाळी मम्मीने ती परत लावली, आधीपेक्षा मोठा खिळा ठोकून. म्हणाली, घराचा धनी कोण आहे ते मी ठरवीन, तू आधी लाइटबिल भरून ये.

२३ ऑक्टोबर, रविवार

मम्मीने न विचारता तिसऱ्या मजल्याला जेवायला बोलावलं. म्हणे पोरगं रोज ब्रेड-अंडी खातंय, वाळलंय. मटण केलं होतं.

जेवणाआधी पप्पांनी प्रार्थना सुरू केली. मी डोळे उघडे ठेवले आणि प्रार्थनेच्या मधोमध मुद्दाम ग्लासभर पाणी प्यायलो. तिसऱ्या मजल्याने हे बघितलं. नंतर विचारलं, ते डोळे मिटून काय म्हणत होते? आणि तू का नाही मिटलेस? मी म्हटलं, घरच्यांची जुनी सवय आहे. मी त्यातला नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे.

पप्पांनी मटणाचं पातेलं माझ्यापुढून उचललं आणि पाहुण्यापुढे ठेवलं. मला दुसऱ्यांदा रस्साच मिळाला, तोही थोडा. विश्वासासाठी काय काय सोसावं लागतं हे त्यांना कधीतरी कळेल.

६ नोव्हेंबर, रविवार

तिसरा मजला आता दर रविवारी जेवायला. मम्मी त्याला मराठी शिकवते. त्याला 'अजून वाढ' आणि 'बास' दोन्ही येतं. मला त्याच्या भाषेतला एकही शब्द आलेला नाही, कारण मी त्याच्याशी बोलणं टाळतो. हा माझा संयम.

११ नोव्हेंबर

ऑफिसात सुट्टीचा अर्ज. मॅनेजर अनंत म्हणाला, रिलीज तोंडावर आहे, कारण काय? मी म्हटलं, सांगू शकत नाही. तो म्हणाला, मग मी देऊ शकत नाही. मी छाती काढून म्हटलं, नोकरी गेली तरी बेहत्तर, कारण सांगणार नाही.

मग सांगितलं. देशाचं नाव पण सांगितलं, कारण ते फॉर्ममध्ये लागतंच म्हणाला. अनंतने कौतुक वाटून अख्ख्या फ्लोअरला मेल टाकला. 'ऑल द बेस्ट अभय, टेक केअर ऑफ पोलीस.' कॅन्टीनमध्ये तीन जणांनी हात मिळवला. बरं वाटलं. पण मी तोंड उघडलं नाही. फक्त स्मित केलं.

४ डिसेंबर, रविवार

आज पाळकसाहेबांचा उपदेश: आपला विश्वास चारचौघांत कबूल करण्याची लाज वाटू नये. मी दर वाक्याला मान डोलवत होतो. असले लोक असतात आपल्यात. समोरच्या बाकावर दोघं-तिघं मला दिसत होते.

दुपारी चौकशीचा सराव. सूरज झाला पोलीस. ताईने नियम सांगितला, खोटं बोलायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. सूरजने विचारलं, तू ख्रिस्ती आहेस का? मी असा गरजलो की शेजारच्या खोलीतलं महिला मंडळ गाणं थांबवून बघायला आलं. मग सूरज म्हणाला, बसा हो, दमलात, चहा घेणार? कोण कोण आलंय बरोबर? मी सगळ्यांची नावं सांगितली. ताईचा पत्ता सांगितला. पिंपळाच्या झाडावरून डावीकडे हेही सांगितलं.

हे चीटिंग आहे. खरे पोलीस चहा विचारत नाहीत. मी तसं ताईला ठणकावून सांगितलं. ती चष्मा पुसत राहिली.

१८ डिसेंबर, रविवार

आप्पासाहेब काका घरी आले. पप्पांचे थोरले भाऊ, चर्चचा कारभार बघणारे पंच, आणि येत्या पंच कमिटीच्या निवडणुकीला पुन्हा उभे. माझा एक फोटो मागितला. आठवण म्हणून, म्हणाले. मी गॉगलवाला दिला. त्यांनी देशाचं नाव विचारलं. सख्ख्या काकापासून काय लपवायचं?

२४ डिसेंबर, शनिवार

चौकात फ्लेक्स लागलाय. रिक्षा स्टँडच्या वर. भलामोठा. देशाचं नाव ठळक, आणि खाली, '...येथे गुप्त सुवार्ताकार्यासाठी रवाना होत असलेले आमचे लाडके पुतणे, धडाडीचे युवा नेते श्री. अभय रणपिसे यांना हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: आप्पासाहेब रणपिसे मित्रमंडळ.' 'गुप्त' हा शब्द लाल रंगात, भोवती चांदण्या.

संतापलो. काकांना फोन करून झापणार होतो. मग वाटलं, सणाचे दिवस आहेत, वयस्कर माणूस आहे. शिवाय फोटो चांगला आलाय. खात्री करायला दोनदा जाऊन आलो. रिक्षावाले ओळखायला लागलेत. नाताळ झाला की उतरवायला सांगतो.

२७ डिसेंबर, मंगळवार

नीरजाताई घरी आली. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो इंटरनेटवर टाकलाय. टीमचा दौरा आता त्या गावाला नाही, दुसऱ्या गावाला, आणि माझ्याशिवाय.

मी म्हटलं, ताई, होऊ दे अटक, मी घाबरत नाही. ती म्हणाली, अभय, प्रश्न तुझ्या भीतीचा नाहीये. आपण दोन आठवड्यांनी परत येऊ. आपल्याला घरात घेणारी माणसं तिथेच राहणार आहेत. तुझं नाव कुणी त्यांच्या नावाशी जोडलं तर त्यांना कोण सोडवणार?

मी म्हटलं, फ्लेक्स मी लावला नाही. ती म्हणाली, फोटो कुणी दिला?

मम्मीने ताईला चहा दिला, मला दिला नाही.

वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. नळ सोडून बाथरूममध्ये बसून राहिलो. पाणी गार होतं हे नंतर लक्षात आलं. म्हणजे ट्रेनिंग वाया गेलेलं नाही.

१ जानेवारी २००६, रविवार

नवा संकल्प. खचणार नाही. पुढच्या वर्षी याहून कडक देश निवडीन आणि एकटा जाईन. या टीमला माझी झेप झेपली नाही, एवढंच. काका निवडणूक हरले. फ्लेक्स अजून आहे.

१५ जानेवारी, रविवार

टीम पहाटे गेली. स्टेशनवर मी गेलो नाही. सूरजला माझी थर्मल बनियन दिली होती, मम्मीने दिली, मला विचारलं नाही.

संध्याकाळी तिसरा मजला खाली आला. मी एकटाच बाहेरच्या खोलीत. तो म्हणाला, त्याने फ्लेक्स पाहिला. फोटो ओळखला, बाकीचं मम्मीकडून वाचून घेतलं. म्हणाला, मी आलो त्या दिवसापासून तू मला साखरपुडे सांगतोयस. आमच्याकडे माणसं असं खोटं बोलतात, कारण दार वाजलं की कोण असेल माहीत नसतं. इथे तुला कोण धरणार होतं?

मी म्हटलं, सिक्युरिटी प्रोटोकॉल. त्याने मान हलवली. त्याला समजलं नाही, किंवा समजलं.

मग म्हणाला, गुरुवारी मी घरी चाललोय, बहिणीचं लग्न आहे, खरंखुरं लग्न. महिनाभर तिथेच. तू एवढ्या लांब येऊन जे सांगणार होतास ते मला आत्ताच सांग ना. तुझं तिकीट वाचलं. मी ऐकतो. मला खरंच ऐकायचंय. जेवायला अजून वेळ आहे.

असं म्हणून तो खुर्ची पुढे ओढून, हात मांडीवर ठेवून बसला.

पळणं झालं होतं माझं, थोडंफार. अंघोळीचं झालं होतं. उपास एक झाला होता, दुपारपर्यंत. चौकशीची उत्तरं पाठ होती. मी घसा खाकरला. घसा सकाळपासून बसला होता, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. तो वाट बघत होता. पंखा फिरत होता. मी पुन्हा खाकरलो.

मग मी त्याला म्हटलं, एक मिनिट थांब, मम्मीला बोलावतो.