ओळख असेल त्याने बाहेर थांबावे

३० मार्च २०२०, सोमवार

आज मला चार वेळा बाहेर काढलं! तेही माझ्याच स्वयंपाकघरातून, माझ्याच खुर्चीवर बसलेली असताना!

या साथीत मिलवॉकीतले काळे लोक सगळ्यात जास्त मरताहेत. म्हणून शहरातल्या एका श्रीमंत फाउंडेशनने आमच्या उत्तर भागासाठी तातडीची मदत वाटायला समिती नेमली. पाच जण. चार गोरे आणि मी. "रेव्हरंड व्हर्डेल, आम्हाला तुमचा आवाज हवा आहे," अध्यक्षा हॅलस्टेडबाई म्हणाल्या होत्या.

आवाज! पहिलाच नियम असा – अर्जदाराशी ओळख असेल त्याने चर्चेच्या वेळी बाहेर थांबायचं. म्हणजे संगणकावर माझा चौकोन नाहीसा होतो आणि "कृपया थांबा" अशी पाटी लागते. म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देणारे सलूनवाले – ओळखते. बाहेर! शिवणकामाच्या बायका, मास्क शिवणाऱ्या – त्यातल्या निम्म्यांची लग्नं मी लावली. बाहेर! पन्नास वर्षं एकाच वस्तीत काढली, माझ्या ओळखीचा नाही असा माणूस आणू कुठून? आणि मी बाहेर गेले की उरतात चार. दोन-दोन मतं पडली की अर्ज बाद. सलूनवाले असेच गेले.

मग तळ्याकाठच्या बड्या हॉस्पिटलचा अर्ज आला. हॅलस्टेडबाईंच्या सासऱ्याचं नाव तिथल्या भिंतीवर कोरलंय. व्हिटकॉमसाहेब तिथल्या संचालकांबरोबर दर शनिवारी गोल्फ खेळतात. कुणी जागचं हललं नाही. मी विचारलं, "ही ओळख नाही का?" व्हिटकॉम हसले. "ओळख कसली? हे तर संस्थेशी जुने संबंध."

सर्वात मोठी रक्कम त्यांनाच. एकमताने – माझं मत सोडून.

माझ्या बालमैत्रिणीचा, आर्नेटाचा, तपासणीच्या तंबूसाठीचा अर्ज पुढच्या बैठकीत. तिने येऊन माहिती सांगायची आहे.

३१ मार्च

आर्नेटाला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसकाच लागला. "चौथीतही तुला वर्गाबाहेरच उभी करायचे की, बडबडीपायी! मी खिडकीतून तुला शेंगदाणे द्यायचे."

"तू देत नव्हतीस, विकत होतीस."

"बरं, बरं. आता त्या गोऱ्या बाईंना सांग, आर्नेटा पिकेट तंबू टाकणार म्हणजे टाकणार. तुझ्या चर्चचं गाडीतळ रिकामंच पडलंय. नर्सचा परवाना आहे, जीभ आहे. नाहीत ते फक्त अंगावरचे संरक्षक गाऊन आणि नाकातून नमुना घ्यायच्या काड्या."

तिच्या भावाला, लॉन्झेलला, हॉस्पिटलने दोन वेळा परत पाठवलं. शहराची बस चालवतो. आधी म्हणाले साधा खोकला, मग म्हणाले गाडीशिवाय तपासणी नाही. बस चालवणाऱ्याला विचारतात गाडी आहे का!

३ एप्रिल

लॉन्झेल गेला.

४ एप्रिल

दफनाला दहाच माणसं. शवपेटी उचलायला सहा, मी, आर्नेटा, त्याची बायको, मुलगी. बाकीचे दफनभूमीच्या कुंपणाबाहेर गाड्या लावून, काचा खाली करून. गाणं म्हटलं त्यांनी, गाडीगाडीतून, पुढेमागे होत, सूर जुळेना. असं बेसूर गाणं आमच्या लोकांनी कधी म्हटलं नसेल. मला ते ऐकवेना.

आर्नेटाने मिठी मारायला हात पुढे केले आणि तिथेच थांबवले. दोघी तशाच उभ्या, मध्ये हवा.

घरी जाताना म्हणाली, "व्हर्डी, तंबू व्हायलाच हवा. उन्हाळ्यात नाही. आत्ता."

५ एप्रिल, रविवार

हॅलस्टेडबाईंना फोन केला. म्हटलं, ऐकून घ्या. हा विषाणू रंग बघत नाही, असं तुम्ही सगळे टीव्हीवर म्हणता. नसेल बघत. पण बस कोणी चालवायची, म्हाताऱ्यांचे डायपर कोणी बदलायचे, मांसाच्या कारखान्यात खांद्याला खांदा लावून कोणी उभं राहायचं, हे या शहराने रंग बघूनच ठरवलं. कुठल्या गल्लीत दवाखाना असावा आणि कुठल्या गल्लीत नसावा, तेही. विषाणू फक्त तुम्ही आखलेल्या रस्त्याने चालत आला! आणि आता मदत वाटताना पुन्हा तुम्ही आम्हालाच बाहेर बसवता – का, तर आम्ही आमच्या माणसांना ओळखतो!

मग बाई रडल्या. खरंच रडल्या. म्हणाल्या, "व्हर्डेल, किती सुंदर बोलता तुम्ही. आमच्या वार्षिक कार्यक्रमासाठी हे पुन्हा एकदा बोलाल? आम्ही चित्रीकरण करू."

"आणि नियम?"

"नियम वकिलांचा आहे हो. माझ्या हातात असतं तर—"

एवढी वर्षं बोलतेय. लोक उठून उभे राहतात, टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात. आणि मग घरी जातात.

७ एप्रिल

मतदान. मास्क लावून अर्धा दिवस रांगेत, अंगावर गारा. पुढचा माणूस म्हणाला, "रेव्हरंड, मत टाकायला आलो की मरायला, तेच कळत नाही." हसलो आम्ही. आणखी काय करणार!

उद्या नाही, परवा आर्नेटाच्या तंबूची बैठक. दोन मतं नक्की तिच्या बाजूने, दोन विरुद्ध. व्हिटकॉम म्हणतात, "अनुभव कमी, मोठ्या संस्थेचा आधार नाही." मी बाहेर थांबले की तंबू गेला. आत राहिले की झाला. इतकं सोपं.

९ एप्रिल, पवित्र गुरुवार

लिहूनच टाकते.

हॅलस्टेडबाईंनी नेहमीप्रमाणे प्रत्येकाला विचारलं. "श्रीमती पिकेट यांना तुम्ही ओळखता का?" व्हिटकॉम – नाही. पुढचा – नाही. तिसरी – नाही. मग माझं नाव.

मी ठरवूनच आले होते. देवाला आधी सांगितलं होतं, तुला हिशेब नंतर देईन. लोक मरताहेत, एक शब्द काय!

म्हटलं, "नाही. मी या बाईंना ओळखत नाही."

हॅलस्टेडबाईंनी क्षणभर कॅमेऱ्यात पाहिलं. त्यांना माहीत होतं असं मला वाटतं. त्या पुढे सरकल्या.

आणि एका काळ्या चौकोनातून आवाज आला. "नमस्कार. मी आर्नेटा पिकेट."

तिला वेळेआधीच आत घेतलं होतं. चिटणिसाची चूक. कॅमेरा बंद होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ती आमचं सगळं ऐकत होती.

मग तिने कॅमेरा लावला. अबोली रंगाचा तो कोट, जो आम्ही दोघींनी मिळून घेतला होता. माहिती दिली. कुठे अडखळली नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. व्हिटकॉमने विचारलं, "वस्तीतल्या प्रतिष्ठितांचा पाठिंबा आहे का?" ती म्हणाली, "माझ्या ओळखीचं तिथे कुणी नाही, साहेब. मी एकटीच आहे."

तीन विरुद्ध दोन. मंजूर.

आज कोणता दिवस आहे, आणि या दिवशी मी व्यासपीठावरून दरवर्षी प्रभूला 'मी ओळखत नाही' म्हणणाऱ्या कुठल्या शिष्याची गोष्ट सांगते, ते इथे लिहीत नाही.

१० एप्रिल

नऊ फोन केले. उचलला नाही. संध्याकाळी एक निरोप: "पैसे घेते. तुला नाही घेत."

१२ एप्रिल, ईस्टर

फोनवरून प्रवचन दिलं. सगळी मंडळी जोडलेली. शेवटी प्रत्येकाने आपलं नाव सांगितलं. तिचं नाव आलं नाही.

घरी हॅम केलं, चीज घालून मॅकरोनी केली, नेहमीच्या अंदाजाने, दोघींसाठी. बरीच उरली.

१८ एप्रिल

तिच्या दारात पाई ठेवून आले. रताळ्याची, तिच्या आईच्या पद्धतीची. वाटेत दुकानात जाऊन घरी येते तो तीच पाई माझ्या दारात! माझ्याआधी पोचली कशी? वर चिठ्ठी नाही, काही नाही. एक तुकडासुद्धा कापलेला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ एप्रिल

तंबू उभा राहिला! पांढरा, चर्चच्या गाडीतळावर. गाड्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत, आणि बाजूने गाडी नसलेल्यांची पायी रांग – त्यांचा नंबर आधी. तो तिचा नियम.

मला काही झालेलं नव्हतं. तरी गाडी रांगेत लावली. दुसरा मार्गच उरला नव्हता.

खिडकीशी आली. निळा गाऊन, मास्क, वर प्लास्टिकची ढाल. फक्त डोळे.

"नाव?"

"आर्नेटा, अगं—"

"ते माझं झालं. तुमचं?"

"व्हर्डेल मेबरी."

"जन्मतारीख?"

"तुझ्यापेक्षा एका आठवड्याने मोठी. देवाशपथ, असं करू नकोस."

"जन्मतारीख, बाई. मागे लोक थांबलेत."

सांगितली. "ताप? खोकला? आजाऱ्याच्या संपर्कात आलात?"

"मी तंबूसाठी केलं. मी बाहेर थांबले असते तर हा तंबू नसता."

काडीचं पाकीट फोडता फोडता तिचे हात थांबले. हळू आवाजात म्हणाली, "माहितीये मला. म्हणून तर पैसे घेतले. लॉन्झेलला पुरून पाच दिवस झाले होते, व्हर्डेल. त्या सगळ्या चौकोनांत माझं म्हणावं असं एकच तोंड होतं. अगदी सहज म्हणालीस तू. आवंढासुद्धा गिळला नाहीस."

मास्क खाली घेतला. तिने नाकात काडी घातली – हलक्या हाताने, तेच जास्त लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. काडीने येतंच सगळ्यांच्या, असं म्हणाली.

"आठवड्याने कळेल. पुढे घ्या गाडी."

२४ एप्रिल

हॅलस्टेडबाईंचा फोन. तंबूचे फोटो फार छान आलेत. कार्यक्रमात माझं भाषण आणि मागे तंबू, असं करू या का? म्हटलं, समितीतून माझं नाव काढा. "अहो, पण तुमचा आवाज—" फोन ठेवला.

२८ एप्रिल

कॉफीला चव नाही. ब्रेडला नाही. दुःखाने असेल.

३० एप्रिल

चर्चची खिडकी उघडून लांबून पाहिलं. ती तंबूत खुर्चीवर बसली होती. कामाच्या वेळी ती कधी बसत नाही.

१ मे

फोन वाजला. आर्नेटा.

"व्हर्डी, तुझा पॉझिटिव्ह."

त्या दिवसानंतर पहिल्यांदा व्हर्डी म्हणाली. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं.

"तुझा पॉझिटिव्ह. आणि माझाही. दुसरी नर्स नाही, तंबू आज बंद केला."

"माझ्यामुळे? की मला तुझ्या—"

"कोण कुणामुळे ते देवाला विचारू, वर गेल्यावर. आता आपल्याला एकमेकींची भीती नाही ना? मग मागची खोली रिकामी कर. उशी माझी मी आणते, तुझ्या उशा दगडासारख्या आहेत."

बोलताना प्रत्येक वाक्याला धाप लागत होती. दोघींनाही.

खाली गाडीचं दार वाजलं. ती पायऱ्या चढतेय. मध्येच थांबली, धाप लागली असेल; वही ठेवते, हात द्यायला जाते.