विहिरीपलीकडची फर्झची जाळी

मी, हेस्टर सॅमवेज, कै. रूबेन सॅमवेजची विधवा, वय एकाहत्तर, राहणार माळाकडेचे शेवटचे घर, डॉर्सेट, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. सांगणाऱ्याचे मी जन्मात ऐकलेले नाही.

१. तांब्याची किटली शेजारीण मेबेलला. तशीही ती तिच्याकडेच आहे.

२. पुतण्या जेसीला कोयता आणि कातडी हातमोजे. घर नाही. "काकू, तुझ्यामागं ती काटेरी जाळी जाळून टाकतो, तट्टांना गवत होईल," असे तो माझाच सफरचंदाचा केक खात म्हणाला.

३. घर मिस विनिफ्रेड पिटफील्ड, निवृत्त शाळामास्तरीण, यांना. होय, तिलाच. वकिलांनी दोनदा विचारून घेतले.

कारण लिहिणे भाग आहे. रूबेन एकोणतीस वर्षे रोज सकाळी विहिरीपलीकडे जायचा, फर्झच्या काटेरी झुडपांतला वटवट्या पक्षी बघायला. तिथे ही बाई दुर्बीण घेऊन हजर. दोघे तासभर ओल्या गवतात बसायचे, एका थर्मासातला चहा प्यायचे.

"हेस्टर, चल गं, एकदा बघ तरी," तो म्हणायचा.

"मला कशाला? तुझी बाई आहे ना बघायला."

वावगे काही नव्हते, हे मला ठाऊक होते. तरी जळायची ती मी जळलेच. माझ्याशी तो इतका वेळ कधी बोलला नाही.

आमच्याकडे ज्या घराची चूल पेटती, त्याच घराला जळणासाठी आपल्या वाट्याची फर्झ तोडायचा हक्क. त्रेसष्टच्या जानेवारीत माळ बर्फाखाली गेला. घरात लाकूड होते. तरी मी हक्क दाखवला आणि नेमकी ती दाट जाळी बुडापासून तोडली. बघू आता कुठे बसता, म्हटले.

दुसऱ्या दिवशी रूबेनने टेबलावर दोन पक्षी ठेवले, गोठलेले.

"आता बघ," म्हणाला.

तेव्हा पाहिले. चिमणीहून लहान, पाठ राखाडी, छाती बिटाच्या रंगाची, डोळ्याभोवती लाल कडे, शेपूट अंगाला शोभणार नाही इतके लांब. हातात वजन लागले नाही. थंडीनेच मेले असते असे सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. रूबेन त्या वसंतात गेला. आपल्या माळावर आता एकही उरला नाही, असे मिस पिटफील्ड चर्चबाहेर रडत सांगत होती. मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला.

तोडलेली जाळी बुडातून फुटली. तीन वर्षांपूर्वी तिच्यात वटवट्यांची जोडी आली. किरकिऱ्या आवाजात भांडल्यासारखे गातात, शेपूट उभारून टोकावर येतात आणि माणूस दिसला की आत बुडी. हे मी कोणाला सांगितले नाही. माझे एकटीचे म्हणून काही हवे होते.

पण माझ्यामागे जेसी काडी लावील. म्हणून अटी: मिस पिटफील्डने इथे राहावे, चूल रोज पेटवावी म्हणजे जाळीवरचा हक्क या घराकडेच टिकेल, आणि त्या हक्काने एक फांदीही तोडू नये.

४. रूबेनची पक्ष्यांची टिपणवही माझ्या शवपेटीत घालून पुरावी. ती तिला द्यायची नाही.

५. नर झुडपाबाहेर नेमका केव्हा येतो, ते मी लिहिणार नाही. तिने वाट बघावी, चहा एकटीने प्यावा.

सही: हेस्टर सॅमवेज
साक्षीदार: टॉम गोलप, पाववाला; ईडिथ ट्रेव्हेट, पोस्टमास्तरीण. दोघांनी फक्त सही होताना पाहिली. मजकूर वाचू दिलेला नाही.
माळाकडेचे घर, ४ एप्रिल १९६८