ताईची पन्नासची लेन्स

प्रिय ताई,

तुझी लेन्स सापडली! तीच, रेंजफाइंडर कॅमेऱ्याची, पन्नास मिलिमीटरची. कडीवरचा नंबर तुझ्या जुन्या पावतीशी तीनदा ताडून बघितला, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. जुने कॅमेरे विकणाऱ्याच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात धूळ खात पडली होती. तो म्हणाला, काका, ही नका घेऊ, तीन गिऱ्हाइकांनी परत आणलीय, फोटो धुरकट येतात, शोभेला हवी तर न्या. मी म्हटलं, बांधा. जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता वस्तू घेतली. घरी हे सांगितलं तर तुझ्या भावजयीने कपाळाला हात लावून मला ताप आहे का ते बघितलं.

लेन्स उजेडात धरली. बुरशी नाही, तेलाचा थर नाही, चरा नाही. मग धुरकट का? तुझ्या बारा वर्षांचा निकाल या एका प्रश्नात अडकला होता. बारा वर्षांपूर्वी पुलाच्या उद्घाटनाचा तो रोल धुरकट आला, संपादकांनी चारचौघांत सुनावलं, आणि 'माझी नजरच गेली' म्हणून तू वर्तमानपत्रातली फोटोग्राफरची नोकरी सोडलीस, ही लेन्सही विकून टाकलीस. अगं, रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. तिथल्या दोन प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस जमला असं धरायचं. लेन्सने दगा दिला तर तो फिल्म धुतल्यावरच कळणार. तेव्हा हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर स्वतःला फार शहाणा समजतो.

ओट्यावर पांढरं फडकं पसरून सगळी लेन्स सुटी केली. मधलं एक भिंग दोन्हीकडून फुगीर, पण सारखं नव्हे. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब एका बाजूत बारीक, दुसरीत मोठं. जी बाजू पुढे हवी ती मागे! असं उलटं बसवायला कुठल्या कॉलेजात शिकवतात गं? भिंग फिरवलं, कड्या आवळल्या, माझ्याकडच्या तसल्याच कॅमेऱ्यावर चढवून गॅलरीतून रस्त्याचा फोटो काढला, न्हाणीघरात फिल्म धुतली. घड्याळजी लावतात तशी आयग्लास डोळ्याला लावून निगेटिव्ह बघितली, तर पार कोपऱ्यातल्या शिंप्याच्या पाटीवरचा फोन नंबर वाचता आला. मी असा ओरडलो की शेजारचे काय झालं म्हणून धावत आले.

आता ते भिंग उलटं कुणी बसवलं, ते सांगतो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी 'आण, साफ करून देतो' म्हणत ती लेन्स मी उघडली होती. मी उघडलेली पहिलीच. आणि तू फोटो घेऊन रडत आलीस, तेव्हा 'चष्म्याचा नंबर वाढला असेल' असं म्हणणाराही मीच. ताई, तुझ्या नजरेत काडीचाही दोष नव्हता. फोनवर हे सांगायला तोंड उघडेना, म्हणून लिहितोय. रविवारी लेन्स घेऊन येतो, कॅमेऱ्यात रोल भरूनच. आधी एक फोटो काढ, मग हवा तेवढा कान पिळ.

तुझाच,
धाकटा