दिल्लीच्या गाडीआधीची प्रार्थना

आई, तुला सांगितलं तर तू आधी हसशील आणि हसून झाल्यावर नक्की म्हणशील, "देवाची इच्छा!" आज माझी दिल्लीची गाडी चुकली. आपल्या नेपियर टाउनातून स्टेशन असं कितीसं लांब, ऑटो दारात उभा, बॅगा भरलेल्या, आणि नवरा जन्मभर रेल्वेत गार्ड. तरीही चुकली. आमच्या मिशनच्या दवाखान्यातले दोन डॉक्टर आणि मी त्यांची नर्स, असे आम्ही मलावीला मोतीबिंदूच्या शिबिरासाठी निघालोय. डॉक्टर पुढे गेलेत, परवा दिल्लीहून विमान आहे. या वयात पहिल्यांदाच समुद्र ओलांडणार म्हणून रविवारी अख्ख्या चर्चने मला उभं करून टाळ्या वाजवल्या, शाल पांघरवली. ती शाल पांघरून मी आता आपल्याच स्वयंपाकघरात बसलेय.

आपल्या घरची रीत तूच घालून दिलीस. निघताना बॅगा खोलीच्या मधोमध ठेवायच्या, सगळ्यांनी त्यांच्यावर हात ठेवायचा, एकाने प्रार्थना करायची आणि आमेन होईपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत. मी मझौलीच्या शिबिराला निघायची, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पण तुझ्या प्रार्थनेत आधी लाल समुद्र दुभंगायचा, मग रस्त्यावरचे ट्रक बाजूला व्हायचे, मग ड्रायव्हरला सद्बुद्धी मिळायची, आणि माझं नाव यायचं ते सगळ्यात शेवटी. मी चुळबुळ केली की तू मिटल्या डोळ्यांनीच दटावायचीस, "काहून घाई करून राहिली? देव काय बसचा कंडक्टर आहे?" अखेर बाबा मोठ्याने "आमेन!" म्हणायचे. कुणीही मोठ्याने आमेन म्हटलं की प्रार्थना संपली, हा आपल्या घरचा कायदा. फॅक्टरीच्या भोंग्यावर आयुष्य काढलेला माणूस, त्यांचं आमेन कधी चुकायचं नाही.

चुकलं ते एकदाच. मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला नागपूरला निघाले होते. पत्र्याच्या ट्रंकेवर आपल्या तिघांचे हात, आणि तू प्रार्थना करतेयस, करतेयस. मी वाट पाहतेय की बाबा आता म्हणतील, मग म्हणतील. बाबा गप्प. गाडी गेली. तू पदराने डोळे पुसत म्हणालीस, "देवाची इच्छा." बाबा म्हणाले, "देवाची नाही, तुझी." तू रागावली नाहीस, सरळ आत जाऊन पुऱ्या तळायला बसलीस. मी तुमच्या दोघांच्या नावाने रडत होते आणि रडता रडता पुऱ्याही खात होते. बाबा का बोलले नाहीत, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तुझा जावई प्रार्थनेच्या बाबतीत किती कंजूस, ते तू पाहिलं आहेस. जेवताना "प्रभू, अन्न दिलंस, आमेन" एवढं म्हणेपर्यंत त्यांचा हात भाताला लागलेला असतो. म्हणून आज प्रार्थना मी मुद्दाम त्यांनाच करायला सांगितली. लेक ऑटो धरून फाटकाशी उभी होती. एका बॅगेत शिबिराची औषधं, दुसरीत माझे चार कपडे आणि ह्यांनी कोंबलेलं लोणचं, चिवडा, पुन्हा लोणचं. दोन्हींवर हात ठेवून हे सुरू झाले. आधी ऑटोवाला, मग इंजिनचा ड्रायव्हर, मग वाटेतली स्टेशनं क्रमाने, एकही न गाळता. मग विमान, मग मलावीचे डास. मग रुग्णांचे उजवे डोळे. मला वाटलं आता संपलं, तर डावे डोळे सुरू झाले. बाहेरून लेक ओरडली, "मम्मी, ऑटोवाले भैया चिल्ला रहे हैं!" ह्यांनी ताबडतोब भैयासाठीही प्रार्थना केली. ज्या माणसाने हिरवी झेंडी दाखवून जन्मभर गाड्या वेळेवर सोडल्या, त्याचा आवाज शेवटी इतका कापायला लागला की मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

गाडी गेल्यावर हे म्हणाले, "चलो, झालं ते झालं. आता उद्या सकाळच्या विमानानंच दिल्लीला जा, थकणार तरी नाहीस." लेकीने कपाळावर हात मारून तिकीट काढलं. आता हे वांगी चिरतायत, शीळ घालत. आई, मला फार भीती वाटतेय. परक्या देशाची नाही, तिथेही डोळे डोळ्यांसारखेच असणार. हे घर, हा माणूस मागे ठेवून जायची भीती वाटते, आणि टाळ्या वाजवणाऱ्या चर्चला ते सांगता येत नाही. पण जाणार मी. उद्या प्रार्थना सुरू झाली की आमेन मीच म्हणणार आहे, खणखणीत.

तुझ्यापर्यंत आता कुठलं टपाल पोचणार, म्हणून हे पत्र लोणच्याच्या बरणीखाली दाबून बरोबरच नेते, घरात राहिलं तर ह्यांच्या हाती लागेल. त्यांना वाटतंय, गाडी त्यांच्यामुळे चुकली. आज माझे डोळे उघडे होते, आई. घड्याळ समोर होतं. आमेन जिभेवर होतं, आणि बाबांसारखीच मीही गप्प बसले.